परतीची वेळ आधी ठरवावी

पौष महिना लागला म्हणजे बीदरच्या जांभ्या पठारावर पहाटेचा गारठा चांगलाच जाणवू लागतो. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण या बाजूला आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात शेताच्या बांधावर शेकोट्या पेटतात, ज्वारीचा हुरडा भाजला जातो आणि म्हातारी माणसे घोंगडी पांघरून उन्हाची वाट पाहत बसतात. कर्नाटकातील नीचांकी तापमानाची बातमी येते, तेव्हा तीत बीदरचे नाव पुष्कळदा असते. तथापि ही थंडी पाहुणी आहे. सूर्य कासराभर वर आला की ती आपण होऊन निघून जाते आणि दहा वाजता शेतकरी सदरा काढून कामाला लागतो. थंडीचा एवढाच अनुभव गाठीशी असलेला माणूस जेव्हा जेथून थंडी हलतच नाही अशा प्रदेशात चार-पाच दिवस पायी चालावयास निघतो, तेव्हा त्याने घरी बसून कोणता विचार करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पूर्वी या भागातील माणूस हिमालयात जाई तो बद्री-केदारच्या यात्रेला, आणि तोही उन्हाळ्यात. आता शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गावीही हिवाळ्यात हिम पाहावयास जाण्याची हौस उत्पन्न झाली आहे. प्रवासही सोपा झाला आहे. बीदर आणि कलबुर्गी यांना जोडणारा लोहमार्ग २०१७ साली सुरू झाला. कलबुर्गीहून कर्नाटक एक्सप्रेसने थेट दिल्ली गाठता येते, दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, आणि तेथून अल्मोडा, कौसानी, ग्वालदम, देवाल अशा घाटरस्त्याने दिवसभर मोटारीत बसले की चमोली जिल्ह्यातील लोहाजंग हे खेडे येते. भगवती पार्वतीचे लोहासुराशी युद्ध झाले ते येथेच, असे तेथील लोक सांगतात. हे खेडे सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. येथून बांज आणि बुरांश यांच्या दाट रानातून एक वाट बेकलताल नावाच्या तळ्याकडे चढते, आणि पुढे उघड्या डोंगरधारेने ब्रह्मताल नावाच्या दुसऱ्या तळ्याकडे जाते. ब्रह्मताल तीन हजार मीटरांहून अधिक उंच आहे. त्याच्या वरची धार तर सुमारे ३,७०० मीटरांपर्यंत जाते. त्या धारेवर उभे राहिले असता ७,१२० मीटर उंचीचा त्रिशूल आणि त्याच्या शेजारचा नंदाघुंटी ही दोन शिखरे अगदी समोर उभी राहतात. पाच दिवसांत मिळून वीस-पंचवीस किलोमीटरांची ही चाल आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत या वाटेवर बहुधा बर्फ असते, आणि म्हणूनच हिवाळ्यातील नवशिक्यांचा ओढा तिकडे असतो.

वीस-पंचवीस किलोमीटर हा आकडा ऐकून पठारावरचा माणूस हसेल. पंढरीच्या वारीत लोक एका दिवसात याहून फार कमी चालत नाहीत! परंतु येथेच पहिली चूक होते. डोंगरातील वाट किलोमीटरांनी मोजावयाची नसते. ती चढाने, हवेने आणि दिवसाच्या प्रकाशाने मोजावयाची असते.

अशा तळ्यांच्या वाटेवर काय घडू शकते, हे कर्नाटकाने अलीकडेच फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस बावीस जणांचा एक चमू उत्तरकाशीकडून सहस्रताल या उंच तळ्याकडे निघाला. त्यांत बहुसंख्य कर्नाटकातील होते, एक महाराष्ट्रातील होता आणि सोबत स्थानिक वाटाडे होते. हे तळे साडेचार हजार मीटरांच्या आसपास आहे. ३ जूनला परतीच्या वाटेवर हवा एकाएकी फिरली, हिमवादळ सुटले, वाट दिसेनाशी झाली आणि उघड्यावरच त्यांना थांबावे लागले. त्या थंडीत नऊ जणांचे प्राण गेले. उरलेल्या तेरांना पुढे सुटका-पथकांनी आणि हेलिकॉप्टरांनी खाली आणले. गेलेली माणसे उथळ वा बेफिकीर नव्हती. त्यांत वर्षानुवर्षे डोंगर चढलेले लोकही होते. म्हणूनच ही घटना कोणाला दोष देण्यासाठी आठवावयाची नाही. ती आठवावयाची ती दोन गोष्टींसाठी. पहिली ही की, ते दिवस हिवाळ्याचे नव्हते, जूनचे होते. दुसरी ही की, संकट आले ते जाताना नव्हे, परतताना आले.

वास्तविक ही गोष्ट त्या पर्वताला नवी नाही. ब्रह्मतालच्या धारेवरून जो त्रिशूल दिसतो, त्याच्याच अंगावर सुमारे पाच हजार मीटर उंचीवर रूपकुंड नावाचे लहानसे तळे आहे. १९४२ साली माधवाल नावाच्या वनाधिकाऱ्याला तेथे शेकडो माणसांची हाडे आढळली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनीही त्या हाडांच्या अभ्यासात भाग घेतला आहे. काही कवट्यांवर वरून आघात झाल्याच्या खुणा आढळल्या, आणि त्यांवरून मोठमोठ्या गारांच्या माऱ्याचा तर्क मांडला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडतीस जणांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासले गेले, तेव्हा असे दिसले की ही सारी माणसे एकाच वेळी मेलेली नाहीत. काही इसवी सन ८०० च्या सुमारास, तर काही अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीची, आणि ती दुसरी मंडळी भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील वंशाची होती. निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या देशांची माणसे त्या एका तळ्यापाशी पोहोचली आणि परतली नाहीत. तळे गाठणे हे तेवढेसे अवघड नसते. अवघड असते ते त्याच्याकडे पाठ फिरविणे, आणि ती योग्य वेळी फिरविणे.

आता कल्पना करावी की दिवाळीच्या सुटीत भालकीतील एका घराच्या ओसरीवर चौघेजण बसले आहेत. एक बी-बियाणांचे दुकान चालविणारा तरुण, दुसरा त्याचा शाळासोबती असलेला बँकेतील कारकून, तिसरी त्या कारकुनाची मावसबहीण, आळंदच्या दवाखान्यात परिचारिका असलेली, आणि चौथा तिचा महाविद्यालयात शिकणारा धाकटा भाऊ. जानेवारीत ब्रह्मतालला जावयाचे ठरत आहे. पुढ्यात कागद आहे. त्या कागदावर काय काय यावयास हवे?

प्रथम पंचांग. दुकानदार म्हणतो, "आठ दिवसांत उरकू. त्याहून जास्त दुकान बंद ठेवता येत नाही." हिशेब मांडला तर भालकीहून लोहाजंगला पोहोचावयास तीन दिवस, परतावयास तीन दिवस आणि चालावयास निदान चार-पाच दिवस, म्हणजे अकरा दिवस होतात. परिचारिका त्यांत आणखी एक दिवस मिळविते. दुकानदार विचारतो, "हा बारावा दिवस कशाला?" ती म्हणते, "दादा, एक दिवस वादळ आलं आणि तंबूत बसावं लागलं, तर तो दिवस कुठून आणणार? दिल्लीची गाडी तर आपल्यासाठी थांबणार नाही." हा बारावा दिवस म्हणजे चैन नव्हे. तो सबंध योजनेतील सर्वांत उपयुक्त दिवस होय. डोंगरात माणसे धोका पत्करतात ती पुष्कळदा धाडसाने नव्हे, तर खिशातील परतीच्या तिकिटाने. उद्या गाडी गाठावयाची आहे, म्हणून आज हवा वाईट असताही ती निघतात. ज्याच्या योजनेत एक रिकामा दिवस आहे, त्याला हवा वाईट असता स्वस्थ बसणे परवडते.

दुसरी गोष्ट हवेची. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे, तर बीदर सुमारे सातशे. बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकात आपली राजधानी कलबुर्गीहून उचलून बीदरला नेली, ती येथील चांगल्या हवेमुळे, असे म्हटले जाते. एवढ्याशा चढानेदेखील हवेत फरक पडतो हे या भागातील लोकांना ठाऊकच आहे. ब्रह्मतालच्या वरच्या धारेवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम चौसष्ट टक्के उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू त्या मानाने कमी येतो. शरीर या उणिवेची सवय करून घेते, परंतु त्याला दिवस लागतात. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक उंच असू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही उंचीच्या विकाराची पहिली लक्षणे होत. ती दिसल्यास आणखी वर जावयाचे नाही. स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, छातीत खरखर ऐकू आली, किंवा माणूस दारू प्याल्यासारखा झोकांड्या देऊ लागला, तर रात्र आहे की दिवस हे न पाहता त्याला खाली उतरवावयाचे. यावरचे खरे औषध म्हणजे उतार. गोळ्या आहेत, परंतु त्या आपल्या वैद्याला विचारूनच बरोबर घ्याव्यात.

येथे धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, मी सगळ्यांत लहान, रोज पळतो. मला काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर कागदावर ठळक लिहून ठेवावयास हवे. हा विकार तरुण आणि धट्टाकट्टा म्हणून कोणालाही सोडीत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि म्हणूनच कित्येकदा आधी सापडतो. अंगाची तयारी हवी, पण ती उंचीवर मात करण्यासाठी नव्हे, तर दमून चूक होऊ नये म्हणून. त्यासाठी दूर कोठे जावयास नको. दोन महिने रोज तासभर भरभर चालावे, आठवड्यातून दोन-तीनदा पाठीवर ओझे घेऊन जिने चढावेत-उतरावेत. बीदरच्या किल्ल्याच्या तटाबुरुजांना आणि चिंचोळीच्या रानातील टेकड्यांना याहून चांगला उपयोग कोणता? उतरण्याचा सराव मात्र विसरू नये. गुडघे दगा देतात ते चढताना नव्हे, उतरताना. पाठीवरचे ओझेही अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावे.

तिसरी गोष्ट कपड्यांची. पठारावरचा माणूस थंडी म्हटली की जाड पांघरुणाचा विचार करतो. बर्फात विचार करावयाचा तो ओलाव्याचा. सुती कापड घामाने किंवा बर्फाने भिजले की ऊब धरीत नाही, उलट अंगातील ऊब ओढून घेते. म्हणून अंगालगत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर लोकरीचा किंवा तत्सम उबदार थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडविणारा थर, अशी तीन थरांची रचना असावी. चालताना एक थर काढावा, थांबताच तो चढवावा. घामाघूम होऊन चालणे ही बर्फातील उधळपट्टी आहे. तो घाम रात्री व्याजासह वसूल होतो. पायमोज्यांचे दोन कोरडे जोड केवळ झोपण्यासाठी वेगळे बांधून ठेवावेत. बुटांना खालून अडकवावयाच्या लोखंडी दात्यांच्या साखळ्या आणि बुटांत बर्फ शिरू नये म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची वेष्टने बरोबर हवीत. ताजे बर्फ उन्हातील अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवते, म्हणून गडद चष्म्यावाचून एक दिवस चालणे म्हणजे डोळ्यांना भाजून घेणे होय.

अंगाचे तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेले की माणूस गारठू लागतो. प्रथम हुडहुडी भरते, मग बोटे बंद लावण्यास असमर्थ होतात, जीभ जड होते, पाय अडखळतात. पुढे पुढे हुडहुडी थांबते. ती थांबली म्हणजे बरे वाटले असे नव्हे, तर शरीराने झुंज सोडली असे समजावे. आणि या सगळ्यांत सर्वांत भयंकर लक्षण हे की, सारासार विचारच मंद होतो. गारठलेला माणूस म्हणतो, "मला काही झालेले नाही, जरा बसू द्या." त्याचे म्हणणे ऐकावयाचे नसते.

चौथी गोष्ट अन्नपाण्याची. या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे ही शिदोरी हलकी असते, टिकते, आणि बोटे गारठली असता चूल न पेटविता खाता येते. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीची ख्याती मोठी आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तळ्याच्या उंचीवर पाणी शंभर अंशांऐवजी नव्वदच्या आतच उकळू लागते आणि उघड्या भांड्यात ती डाळ तासन् तास शिजत नाही. तेव्हा प्रेशर कुकर तरी हवा, नाहीतर डाळ घरीच राहिलेली बरी. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यावे लागते, कारण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर अंगातील पाणी जात असते. रात्री पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्यावी. बाहेर ठेवावीच लागली तर उपडी ठेवावी. पाणी वरून गोठत येते, म्हणून उपड्या बाटलीचे तोंड सकाळी मोकळे राहते.

तळेही असेच वरून गोठते. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते, ते तळाशी राहते आणि त्याहून थंड पाणी वर येऊन गोठते. पण त्यामुळेच एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावयास हवी. जानेवारीत ब्रह्मतालला गेलेल्या माणसाला तळे दिसेलच असे नाही. मांजरेचे पात्र, पापनाशाचे तळे, कारंजाचा जलाशय पाहिलेल्या डोळ्यांना तेथे निळ्या पाण्याची अपेक्षा असते. समोर असते ती बहुधा एक पांढरी सपाट जागा. तिच्यावर पाऊल टाकावयाचा मोह होतो. तो आवरावयाचा. वर साचलेले हिम पांघरुणाचे काम करते आणि खालचे बर्फ सर्वत्र सारखे जाड होऊ देत नाही. जेथे झरा आत येतो तेथे ते सर्वांत पातळ असते, आणि नेमकी ती जागा वरून ओळखू येत नाही.

पाचवी गोष्ट वाटाड्याची आणि परवानगीची. आपल्याकडे पाऊस मोसमी वाऱ्यांचा. हिमालयातील हिवाळी बर्फ मात्र पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या विक्षोभांमुळे पडते. हवामान खाते त्यांची पूर्वसूचना देते आणि ती निघण्यापूर्वी रोज पाहावी. पण खात्याचा अंदाज जिल्ह्याचा असतो, तर वाटाड्याचा अंदाज त्या उताराचा असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ताजे बर्फ साचले की हिमलोट सुटण्याचा संभव सर्वांत अधिक. मोठ्या हिमवर्षावानंतर निदान एक दिवस अशा उताराखालून जाऊ नये. असा उतार कोणता, हे त्या गावात वाढलेल्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून त्याची मजुरी घासाघीस करून कमी करू नये, त्याच्या पाठीवर वाजवीपेक्षा जास्त ओझे देऊ नये, आणि त्याच्या अंगावर पुरेसे गरम कपडे आहेत की नाहीत हे आपले कपडे पाहण्याआधी पाहावे. वनखात्याचे नियमही आहेत. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली उंचावरील गवताळ बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. अशा अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वीच परवानगीची चौकशी करावी.

हे सारे झाले म्हणजे कागद भरत येतो. परंतु त्यावरची मुख्य ओळ अद्याप लिहावयाची असते. ती ओळ परतीच्या वेळेची.

बीदरला डिसेंबर-जानेवारीत दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तिकडे उत्तरेत तो दहा तासांच्या थोडाच वर असतो, आणि डोंगराच्या कुशीत सूर्य त्याहूनही आधी जातो. सूर्य गेला की पारा झपाट्याने शून्याखाली उतरतो आणि दुपारी मऊ असलेले बर्फ काचेसारखे कडक होते. म्हणून वरच्या धारेवर जाण्याच्या दिवशी, उदाहरणार्थ, दुपारी बारा वाजता जेथे असाल तेथून परतावयाचे, असे ठरवावे. शिखर शंभर पावलांवर असले तरी परतावयाचे. हे ठरवावयाचे कोठे? भालकीच्या ओसरीवर, पोटभर जेवून, उबेत बसून. कारण तेथे डोके शांत असते. वर विरळ हवा, थकवा आणि थंडी ही तिन्ही मिळून नेमके तेच डोके निकामी करतात ज्याने निर्णय घ्यावयाचा असतो. शिवाय इतक्या दूर आलो, इतका खर्च केला, गावी काय सांगावयाचे, हे विचारही तेथे कानाशी बोलू लागतात. बर्फावर निर्णय घ्यावयाचा नसतो, घरी घेतलेला निर्णय तेथे पाळावयाचा असतो. योजना करणे म्हणतात ते याला. बाकीची सारी यादी असते.

मग ते चौघे कागदावर पाच कलमे लिहितात. बारा वाजता माघारी. कोणाचेही डोके दुखून मळमळू लागले तर त्या दिवशी चढ बंद, आणि तो उतरला तर एकटा उतरणार नाही, कोण सोबत जाईल ते आजच ठरलेले. उताराविषयी वाटाड्याचा शब्द शेवटचा. राखीव दिवस हौसेसाठी खर्च करावयाचा नाही. आणि पाचवे कलम असे की, चौघांपैकी कोणीही "आता परतू" म्हणाले तर त्याला कारण विचारावयाचे नाही आणि घरी आल्यावर त्याची थट्टाही करावयाची नाही. हे शेवटचे कलम परिचारिकेने सुचविलेले, आणि खरे पाहता तेच सर्वांत मोलाचे. कितीतरी माणसांना डोंगरात वेळेवर भीती वाटलेली असते, पण आपणच कसे बोलावे या संकोचाने ती गप्प राहतात.

इतक्यात दुकानदाराची आई चहा घेऊन येते. ती ब्रह्मताल कोठे आहे हे विचारीत नाही, तेथे काय पाहावयाचे हेही विचारीत नाही. ती एवढेच म्हणते, "जायचं कळलं बाबा. पण परत कवा येणार ते सांग." मुलगा प्रथम हसतो. मग कागदाची एक प्रत काढून आईच्या हाती देतो. तीत वाटाड्याचा आणि मुक्कामाच्या गावाचा पत्ता आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन न आल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे, तेही लिहिलेले आहे. लोहाजंगच्या वर फोन लागेलच असे नाही, तेव्हा मधले चार दिवस शांतता असली तर घाबरावयाचे नाही, हेही तो तिला समजावून सांगतो.

त्या चौघांना ब्रह्मताल दिसेल की नाही हे ओसरीवर बसून सांगता येणार नाही. कदाचित जानेवारीच्या एखाद्या स्वच्छ दुपारी ते धारेवर उभे राहतील आणि त्रिशूल डोळे भरून पाहतील. कदाचित अर्ध्या वाटेवर बारा वाजतील, धुके उतरेल आणि ते बेकलतालवरूनच माघारी फिरतील. दुसरे घडले तरी सहल फसली असे कोणी म्हणू नये. तळे तेथेच असते. ते पुढील वर्षीही तेथेच असेल. ओसरीवर विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठरलेल्या तारखेलाच द्यावयाचे असते, आणि ते दारात उभे राहूनच द्यावयाचे असते.